एकसष्ट कुणाचे?

मी तापट आहे. हे कौतुकानं सांगत नाही, पण लपवतही नाही. जळगावच्या आमच्या विद्यापीठात परीक्षा विभागात सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात सहायक कुलसचिव म्हणून. या सात वर्षांत माझ्या आवाजाला घाबरला नाही असा शिपाई, कारकून किंवा विद्यार्थी शोधून सापडायचा नाही. फाइलवर कुणी चहाचा कप ठेवला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. पत्रावर जावक क्रमांक टाकायला विसरला, तर अख्ख्या विभागासमोर झाडायची. "सारिका मॅडम आल्या" म्हटलं की व्हरांड्यातले मोबाइल खिशात जायचे. मला वाटायचं, ही माझी शिस्त. आता भांडार विभागात बसते, कागदाच्या रिमांमध्ये, आणि आठवून बघते की एवढी सगळी चिडचिड मी आयुष्यभर केली कुणावर? सगळी खालच्यांवर. वरच्या एकावरही नाही.

झुलालवरही मी आधी ओरडलेच होते.

जुलैचा तिसरा आठवडा. बी.ए.च्या बहिःस्थ परीक्षेचा, म्हणजे कॉलेजात न जाता घरी अभ्यास करून देतात त्या परीक्षेचा, निकाल लागून तीनच दिवस झाले होते. खिडकीशी गर्दी. त्या गर्दीत चाळिशीचा एक माणूस, खाकी पँट, हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स. धुळ्याच्या एका शाळेत शिपाई. नापास झालेले लोक रडतात, भांडतात, हे मला पाठ होतं. हा माणूस पास झाला होता आणि तरी जायला तयार नव्हता. हितेंद्र, माझा कारकून, त्याला समजावून थकला आणि शेवटी माझ्याकडे घेऊन आला.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तं पेपरले बसनूच नही, आन माले एकसष्ट मार्क भेटनात."

"म्हणजे?"

"समाजशास्त्रना पेपर. त्या दिन मी बोदवडले व्हतू. साडूभाऊना दहावाले."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, तुम्हाला काय कामधंदा नाही का? परीक्षेला गेला नाहीत, तर मार्क येतीलच कसे? संगणकाला काय स्वप्न पडतं? दुसऱ्या कुठल्या पेपराला गेला नसाल, नीट आठवा! तो शांत उभा राहिला. माझं ओरडून झाल्यावर म्हणाला, ह्या मार्क मन्हा नहीत, ज्याना शेतस त्याले द्या. आणि खिशातून दहाव्याची पत्रिका काढली. तारीख तीच.

मी म्हटलं, "लेखी अर्ज द्या." आमच्याकडे माणूस घालवायचा असेल तर असंच म्हणतात. नव्वद टक्के लोक परत येत नाहीत. झुलालनं तिथंच भिंतीला कागद लावून अर्ज लिहिला, खाली सही केली आणि पोच मागितली.

आता अर्ज आला म्हणजे बघणं भाग होतं. हितेंद्रला घेऊन मी गोदामात गेले, धुळ्याच्या तपासणी केंद्रावरून आलेला गठ्ठा सोडला. बहिःस्थ विद्यार्थी थोडे, म्हणून त्यांची गुणयादी अजून हातानंच भरतात. एका बाजूला बैठक क्रमांक, समोर मार्क. पन्नास जणांची यादी. बाराव्या ओळीत झुलाल. त्याच्यापुढे 'अनुपस्थित' लिहून खालच्या ओळीला जायला हवं होतं. यादी भरणारा ते विसरला आणि त्यानं तेराव्याचे मार्क बाराव्यापुढे लिहिले. मग चौदाव्याचे तेराव्यापुढे. अशी अख्खी रांग एक ओळ वर सरकली होती. सगळ्यात शेवटी पन्नासाव्या ओळीला मार्क उरले नाहीत, तर पठ्ठ्यानं तिथं 'अनुपस्थित' लिहून टाकलं आणि घरी गेला. पन्नासाव्याची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात असताना तो अनुपस्थित कसा, हे त्यालाही दिसलं नाही, त्याच्यावरच्यालाही नाही, आणि शेवटची सही माझी होती, म्हणजे मलाही नाही.

आम्ही दोघांनी उत्तरपत्रिका एकेक करून जुळवल्या. एकोणचाळीस जणांना दुसऱ्याचेच मार्क मिळाले होते. त्यातले बरेच इकडचे तिकडे होऊनही पासच होते. पण अकरा जण असे, की जे खरे पास होते आणि आम्ही त्यांना नापास ठरवलं होतं. आणि नऊ जण खरे पास नसताना आम्ही पास केले होते.

झुलालचे एकसष्ट मार्क तेराव्या ओळीतले होते. तिथं नाव होतं हुस्नबानो. तिच्यापुढे आम्ही तेवीस लिहिले होते. पासाला चाळीस लागतात.

ते नाव मी दोनदा वाचलं. कारण ते नाव मला माहीत होतं. जूनमध्ये धुळ्याच्या अंगणवाडी प्रकल्प कार्यालयाचं एक पत्र आलं होतं, मीच त्याच्यावर शिक्का मारला होता. अंगणवाडी सेविका श्रीमती हुस्नबानो, एकोणीस वर्षं सेवा, पर्यवेक्षिका पदासाठी यादीत पहिला क्रमांक. पदवी हवी, ती तीस ऑगस्टपर्यंत हजर करावी. त्यानंतर वयाची मर्यादा ओलांडत असल्यानं पुन्हा संधी नाही, तरी निकाल वेळेत मिळावा ही विनंती. असं पत्र कोण कुणासाठी लिहितं हो हल्ली? म्हणून लक्षात राहिलं होतं. बाईचा एवढा एकच विषय राहिला होता, समाजशास्त्र.

हितेंद्र म्हणाला, "मॅडम, बरं झालं सापडलं. आठ दिवसांत दुरुस्ती निघेल."

मलाही तसंच वाटलं. त्याच दिवशी टिपणी लिहिली. चूक काय, किती जणांना फटका, निकाल दुरुस्त करून तातडीनं जाहीर करावा. हुस्नबानोचं नाव आणि तीस ऑगस्ट ही तारीख मी खाली लाल रेघ मारून लिहिली. फाइल संचालकांकडे पाठवली.

आमचे परीक्षा संचालक योगेंद्र सर. चांगला माणूस. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही आता एखादा बदमाश डोळ्यांपुढे आणाल. सर कधी आवाज चढवत नाहीत, शिपायालाही 'अहो' म्हणतात, माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोनदा दवाखान्यात येऊन गेले. फाइल दुसऱ्या दिवशी परत आली. वर हिरव्या शाईत दोन शब्द: 'चर्चा करावी'.

ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलं नाही त्यांना हे दोन शब्द साधे वाटतील. आमच्यात त्याचा अर्थ ठरलेला आहे. फाइल हातात घेऊन या, तोंडी बोलू, आणि जे बोलू त्याचा कागद राहणार नाही. चर्चा झाली की खालच्यानं आपली टिपणी काढून घ्यायची आणि ठरेल तशी नवी लिहायची. मीही माझ्या खालच्यांच्या शेकडो फाइलींवर ते लिहिलं आहे. कधी काही वाटलं नाही.

चोवीस जुलैला आत गेले. सरांनी चहा मागवला.

"सारिकाताई, काम उत्तम केलंत," ते म्हणाले. "पण अकरा ऑगस्टला समिती येतेय. विद्यापीठाची श्रेणी ठरायची आहे. आणि त्याच्या दोन आठवडे आधी आपण जाहीर करायचं, की आपण एकोणचाळीस जणांचे मार्क अदलाबदल केले?"

"पण सर, चूक तर झालीय."

"झालीय ना. नाही कोण म्हणतंय? पुनर्मूल्यांकनाची खिडकी चार ऑगस्टपर्यंत उघडी आहे. जो अर्ज करेल त्याचे मार्क आपण लगेच दुरुस्त करू. एकालाही अडवायचं नाही. नियमात बसतं, गाजावाजा नाही."

"आणि जो अर्ज करणार नाही?"

सरांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "ज्याला आपण पास होऊ अशी खात्री असते, तो अर्ज करतोच. आणि ताई, त्या नऊ जणांचं काय? पास झालेत, पेढे वाटलेत. त्यांना आता नापास करायचं? उद्या खंडपीठात उभे राहतील. सही कुणाची आहे यादीवर?"

सही माझी होती. हे ते रागानं म्हणाले नाहीत, काळजीनं म्हणाले, आणि ते जास्त वाईट होतं.

मी, जी चहाच्या कपावरून घर डोक्यावर घेते, ती काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "बरं, सर." आणि माझी टिपणी फाइलमधून काढून पर्समध्ये ठेवली. लाल रेघेसकट.

दुरुस्ती झाली ती एकाचीच. झुलालची. त्याचा अर्ज होता, पोच होती, म्हणून ते टाळता येत नव्हतं. अर्ध्या तासात त्याच्यापुढचे एकसष्ट खोडून 'अनुपस्थित' केलं, नवी गुणपत्रिका दिली. बिचारा शाळेत शिपायाचा लिपिक होणार होता या पदवीवर, ते गेलं. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "मंग त्या एकसष्ट कोना शेतस?"

"ते गोपनीय असतं."

"पन त्याले भेटतीन ना?"

"तुम्ही तुमचं बघा," मी म्हणाले. तो गेला.

चार ऑगस्ट उजाडला आणि मावळला. रोज संध्याकाळी मी अर्जांची यादी उघडायची. अकरापैकी सात जणांनी अर्ज केले. त्यांचे मार्क आम्ही खरंच दोन दिवसांत दुरुस्त केले, सरांनी शब्द पाळला. चार जणांनी केले नाहीत. एक एरंडोलचा, एक पारोळ्याचा, एक शिरपूरची मुलगी. आणि हुस्नबानो.

मला तिचा राग आला. खरं सांगते, आधी रागच आला! एवढी वर्षं मरमर करून एक विषय राहिला होता, तेवीस मार्क पडल्यावर माणसाला शंका येऊ नये? एक अर्ज करता येऊ नये? रात्रंदिवस तेच डोक्यात. घरी भांडी आपटली, नवऱ्याशी दोन दिवस बोलले नाही, त्याचा काही संबंध नसताना.

सहा ऑगस्टला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास न राहवून तिच्या परीक्षा फॉर्मवरचा नंबर मी ऑफिसच्या फोनवरून फिरवला. ठरवलं होतं, एवढंच सांगायचं, बाई, उशिराचा अर्ज लिहा, मी घेते. नंतरचं नंतर बघू. तिकडून मुलीचा आवाज आला, "हॅलो, अम्मी अंगणवाडीत आहे, मी अलफिया बोलते. आपण कोण?"

आणि तेवढ्यात काचेतून योगेंद्र सर जाताना दिसले. समितीच्या तयारीसाठी लोक घेऊन फिरत होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, ओळखीची, आपुलकीची. कोण म्हणून सांगू? परीक्षा विभागातून बोलते म्हटलं की पुढचा प्रश्न 'का'. का, याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते तोंडातून निघालं की माझी सही, माझं नाव, सगळं बाहेर.

"राँग नंबर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तो लगेच परत वाजला. हितेंद्र उचलायला आला, मी त्याच्यावर खेकसले, "राहू दे!" पुन्हा वाजला. मी शेजारी बसून फाइलींना नंबर घालत होते. तिसऱ्यांदा वाजला आणि थांबला.

समिती आली आणि गेली. व्हरांड्यात कुंड्या आल्या आणि गेल्या. अठरा तारखेला मी सरांना विचारलं, "सर, ते चार जण?" सर म्हणाले, "बघू, अहवाल येऊ द्या." पंचवीसला विचारलं. सर रजेवर, गणपती जवळ आलेले. मी स्वतःला सांगितलं, दोनदा विचारलं ना? आणखी काय करू? आणि असं म्हटलं की त्या रात्री झोपही लागली, लाज वाटते सांगायला.

अठ्ठावीस ऑगस्टला झुलाल पुन्हा आला. या वेळी खिडकीशी थांबला नाही, सरळ माझ्या टेबलापुढे.

"मॅडम, माले समजनं त्या मार्क कोना शेतस."

मी वर बघितलं.

तो म्हणाला की परीक्षेत तीन वर्षं त्याचा आणि तिचा नंबर लागोपाठ. मन्हा मांगे ती अंगणवाडीवाली बाई बसे, तीन साल. याचं पेन थांबायचं, तिचं थांबायचं नाही. पुरवणी मागायची तर तीच पहिली मागायची. परवा बाजारात भेटली. तिला किती पडले म्हणून विचारलं. "तेवीस भेटनात. ती बाई तेवीसवाली नही, मॅडम." त्यानं तिला सांगितलं होतं, अर्ज कर, माझ्यातही घोळ झाला होता. ती म्हणाली होती, भाऊ, तुमचं एखाद्याचं झालं असेल. एवढं मोठं विद्यापीठ, सगळ्यांचं थोडंच चुकेल. मीच कमी पडले.

आणि मी काय केलं? मी उभी राहिले आणि किंचाळले. म्हटलं, तुमचा काय संबंध? दुसऱ्याचे मार्क विचारणारे तुम्ही कोण? इथं गोपनीय काम चालतं, बाजार आहे का हा? शिपायाला हाक मारली, यांना बाहेर काढा! अख्खा विभाग बघत होता. हितेंद्र मान खाली घालून बसला होता, आणि त्याला सगळं माहीत होतं.

झुलाल स्वतःच निघाला. दारात वळून म्हणाला, "वरडा, मॅडम. पन तिले सांगा."

पाच मिनिटं मी उभीच होते. मग खाली बसले आणि हितेंद्रला म्हटलं, "कोरी गुणपत्रिका काढ. तेरावी ओळ."

तो म्हणाला, "सरांची सही?"

आता ऐका. संचालक रजेवर असोत वा नसोत, त्यांच्या जागी सही करायचा अधिकार मला सात वर्षांपासून होता. नावाखाली 'करिता' लिहायचं आणि सही ठोकायची. पेपराच्या ऑर्डरी, गाड्यांची बिलं, सुट्ट्यांची पत्रकं, मी रोज दहा कागदांवर 'करिता' करत होते. त्या गुणपत्रिकेवर सही करायला तीन सेकंद लागली. चोवीस जुलैपासून कोणत्याही दिवशी तीन सेकंदच लागली असती.

दुसऱ्या दिवशी, एकोणतीसला, पहिल्या एसटीनं निघाले. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, मी पर्स मांडीवर घट्ट धरून. मनात म्हणत होते, अजून एक दिवस आहे. आज कागद हातात, उद्या कार्यालयात हजर, संपलं. धुळ्यात उतरून रिक्षानं जुन्या वस्तीत, मशिदीमागच्या गल्लीत गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर कूलर दुरुस्तीचं दुकान. बाईच नेमकी घरी होती. ठेंगणी, चष्मा, हाताला पीठ.

"मी विद्यापीठातून आले," मी म्हणाले आणि कागद पुढे केला. "तुमच्या निकालात चूक होती. तुम्ही पास आहात."

तिनं हात ओढणीला पुसले. कागद घेतला, दारापाशी उजेडात नेला. ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. आणि हसली हो! अशी हसली की मला वाटलं, झालं, माझं सगळं धुतलं गेलं.

"अलफिया! अगं बाहेर ये! बघ, मी पास होते! एकसष्ट! मी म्हटलं नव्हतं तुला, पेपर चांगला गेला होता!"

आतून मुलगी आली, वीस-एकवीसची. तिनं कागद बघितला, आईकडे बघितलं, पण हसली नाही. "अम्मी," ती म्हणाली, "पण तू तर लिहून दिलंस ना."

हुस्नबानोचा चेहरा तसाच हसरा राहिला, फक्त डोळे थांबले.

"काय लिहून दिलं?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. आठ ऑगस्टला तिनं प्रकल्प कार्यालयात लेखी दिलं, की मी नापास आहे, मला पर्यवेक्षिका पद नको. साहेब म्हणाले होते, बाई, तीस तारखेपर्यंत थांबा, काही होईल. पण यादीत तिच्यामागे रूपा नावाची दुसरी सेविका होती, तिच्याकडे पदवी होती. "मी कशाला तिचा नंबर अडवून ठेवायचा, मॅडम? नापास तर नापास. खरं आहे ते मान्य करायला नको?" रूपा वीस तारखेला हजर झाली. शेजारच्याच गावाची. हुस्नबानोनंच तिला साडी नेसवली होती.

"मी बोलते त्यांच्याशी," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "आत्ता जाते कार्यालयात! चूक विद्यापीठाची आहे, त्यांना मान्य करावं लागेल, मी भांडते..."

"आणि रूपाताईला उठवायचं?" ती म्हणाली. "तिनं काय केलं?"

बाहेर दुकानात कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं.

तिनं मला पाणी दिलं. मी ते प्यायले. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "चूक कधी कळली तुम्हाला?"

खोटं बोलायला ती शेवटची जागा होती. काल कळली, असं म्हटलं असतं, तर तिनं मान्य केलं असतं. ती सगळंच मान्य करणारी बाई होती, म्हणूनच तर हे झालं. पण मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मघापासून ती माझा चेहरा बघत नव्हती, माझं बोलणं ऐकत होती.

"जुलैत," मी म्हणाले.

"हाच आवाज होता," अलफिया म्हणाली. तिनं मोबाइल काढला, बोटानं वर-वर सरकवत गेली आणि माझ्यापुढे धरला. "सहा ऑगस्ट. अकरा वाजून वीस मिनिटं. जळगावचा नंबर. तुम्ही राँग नंबर म्हणालात. मला वाटलं होतं विद्यापीठातून असेल, अम्मीच्या निकालाचं काही असेल. मी तीनदा परत लावला."

सहा ऑगस्ट. आणि हिनं लिहून दिलं आठला.

हुस्नबानो खाली बसली. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोळे दाबून धरले. रडली नाही. मला वाटत होतं तिनं ओरडावं. मी विनवणी केली असती तिला, बाई, ओरडा माझ्यावर, मारा! मला ओरडणं समजतं. ही शांतता माझ्याच्यानं सोसवत नव्हती.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मॅडम, नोकरीचं जाऊ द्या. गल्लीत, अंगणवाडीत सगळ्यांना माहीत आहे, मी तेवीस मार्क पडून नापास. तीन वर्षं हिनं मला रात्री शिकवलं, तिलाही वाटतं अम्मीला डोकं नाही. मला एक कागद द्या. विद्यापीठाची चूक होती म्हणून."

अलफियानं वहीचं पान फाडून दिलं. सव्वीस वर्षांत मी हजारो पत्रं लिहिली असतील. त्या पानावर पहिली ओळ सुचेना. शेवटी सरळ लिहिलं, की श्रीमती हुस्नबानो पास होत्या, त्यांचे मार्क आमच्या चुकीनं दुसऱ्याच्या नावावर गेले, आणि हे मला एकवीस जुलैपासून माहीत होतं. सही केली. सवयीनं हात 'करिता' लिहायला गेला, तो खोडला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं.

"फोनचंही लिहा," अलफिया म्हणाली.

मी लिहिलं. सहा ऑगस्टला मी फोन केला होता आणि राँग नंबर म्हणाले, हेही लिहिलं. या कागदावरच पुढे माझी चौकशी लागली, परवानगीशिवाय गुणपत्रिका दिली म्हणून. सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला, म्हणून नुसती बदली झाली. पण त्या वेळी हे काही डोक्यात नव्हतं.

हुस्नबानोनं पान घेतलं, अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवतात तसं हळूहळू मोठ्यानं वाचलं, शेवटपर्यंत. मग घडी करून गुणपत्रिकेबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातलं.

"मी एकटीच होते का अशी?" तिनं विचारलं.

"चार जण. तुमच्याशिवाय तिघं."

"त्यांना सांगितलं?"

"नाही."

तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. असा चढला की बाहेरची हातोडी थांबली.

"मग इथं बसून पाणी काय पिताय? उठा! जा आधी!"

आयुष्यात कुणी माझ्यावर असं ओरडलं नव्हतं. मी उठले. पारोळ्याची गाडी साडेबाराला होती.